लेबलाखालची तीन भोकं

माझ्या नोकरीत खून, दरोडे, दंगे सगळं झालं. त्यातलं बरंचसं आता विसरलो आहे. विसरता येत नाही ते एक किरकोळ प्रकरण, ज्यात ना रक्त सांडलं, ना कुणाला शिक्षा झाली. गाडी पुसायच्या कातड्याचं.

तेव्हा मी वर्ध्यात ठाणेदार होतो. आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. राज्य बदललं तरी छापील फॉर्म जुनेच होते, त्यामुळे ठाण्यातले निम्मे कागद हिंदीत आणि निम्मे मराठीत चालायचे. वर्ध्यात मोटारी अशा किती असणार? जिनिंगवाले शेठ, दोनचार डॉक्टर, वकील, सरकारी जीपगाड्या. पण ज्याच्याकडे मोटार, त्याचा जीव मोटारीत. तिला धुवायचा साबण वेगळा, ब्रश वेगळा, पॉलिश वेगळं आणि शेवटी पाणी टिपायला मऊ कमावलेलं कातडं. ते भिजवून पिळायचं आणि पत्र्यावरून फिरवायचं, म्हणजे डाग राहत नाही.

नागपूरची एक कंपनी हा सगळा माल विकायची. डब्यावर, ब्रशावर, कातड्यावर तिचंच नाव. एके दिवशी तिचा एजंट ठाण्यात आला. पांढरे बूट, हातात कातडी बॅग. वर्ध्यात कुणीतरी आमच्या नावाचं नकली कातडं विकतो आहे, अशी त्याची फिर्याद होती. कोपऱ्यात शिवलेलं लेबल हुबेहूब कंपनीचं, पण कंपनीने गेल्या काही महिन्यांत वर्ध्याला माल पाठवलेलाच नव्हता.

मी फिर्याद लिहून घेतली आणि खरं सांगायचं तर मला हसू आलं. पण कंपनी नागपूरची होती आणि वरून विचारणा व्हायला वेळ लागत नाही, म्हणून कामाला लागलो.

खबर मोटार स्टँडवरच्या पानठेल्यावाल्याने दिली. पोलिसाचे निम्मे डोळे पानठेल्यावरच असतात. तो म्हणाला, पिपरी मेघ्याचा एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस अधूनमधून थैलीत कातडी घेऊन येतो. ड्रायव्हर देतील ते घेतो, भाव करत नाही आणि माल दिला की मागे न बघता निघून जातो. चोरीचा माल विकणारा असाच असतो, असा माझा तेव्हाचा अनुभव होता.

पिपरी मेघे त्या वेळी खेडंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवालदार आणि दोन शिपाई घेऊन गेलो. घर वस्तीच्या टोकाला होतं. सारवलेली ओसरी, भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि ताजं फूल. वस्तीने आदल्याच वर्षी दीक्षा घेतली होती. झडतीला दोन पंच लागतात. मी शेजारचीच दोन माणसं बोलावली, त्यातला एक वस्तीतला सगळ्यात वडीलधारा होता. कायद्याने ते बरोबरच होतं. ती माझी चूक होती हे मला फार उशिरा कळलं.

लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली, सात कातडी निघाली. सातही लेबल लावलेली. मी ती एकेक करून ओसरीवर पसरली आणि पंचांना मोजून दाखवली. म्हातारा पंच कातड्यांकडे बघत राहिला, मग त्या माणसाकडे. त्या माणसाने मान खाली घातली. त्याची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. म्हाताऱ्याने पंचनाम्यावर अंगठा उठवला आणि पुन्हा त्याच्याकडे न बघता घरी गेला.

ठाण्यात आणल्यावर मोहररने, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाने, रजिस्टर उघडलं. नाव, बापाचं नाव, जात, पेशा. जातीच्या रकान्यात त्याने बौद्ध लिहायला सांगितलं, ते लिहिलं. पेशा त्याने मजुरी सांगितला. मोहरर जप्तीचा माल समोर ठेवून बसला होता. तो हसला आणि त्याने हिंदीत लिहिलं, चमडा पकाना, म्हणजे कातडं कमावणं. त्या माणसाला वाचता येत होतं. त्याने ते वाचलं.

दोन दिवस मी त्याची चौकशी केली. हात लावला नाही, पण तासन्‌तास उभं ठेवलं. लेबलं कुठे छापलीस, माल कुठून आणलास, साथीदार कोण, सगळं विचारून झालं. त्याचं एकच म्हणणं.

“चोरी नाई केली साहेब. याच्या पुढं मले काही विचारू नका.”

चोर खोटं बोलतो, रडतो, पाया पडतो, दुसऱ्याचं नाव घेतो. हा काहीच करत नव्हता. मला वाटलं, मुरलेला आहे. पोलिसाला गप्प माणूस आवडत नाही, कारण त्याच्यापुढे आपली सगळी हुशारी पाण्यात जाते.

तिसऱ्या दिवशी एजंट जुन्या साठ्यातला असली माल घेऊन आला, तुलनेसाठी. मी दोन्ही कातडी जीपच्या ड्रायव्हरला दिली आणि गाडी धुऊन पुसायला सांगितली, डावी बाजू एकाने, उजवी दुसऱ्याने. पुसून झाल्यावर नकली कोणतं ते सांग म्हटलं. त्याने दोन्ही पुन्हा पुन्हा पिळून पाहिली. मग म्हणाला, साहेब, दोन्ही एकाच हातची आहेत.

ड्रायव्हरचं बोलणं कोर्टात चालत नाही. पण मी टेबलावर बसून ब्लेडने असली कातड्याचं लेबल उसवलं. लेबलाखाली, कडेला, आरीने पाडलेली तीन बारीक भोकं होती. जप्तीच्या कातड्याचं लेबल उसवलं. तिथेही तीन. सातही कातडी पाहिली, सगळ्यांना तीन तीन. मी एजंटकडे बघितलं. त्याने रुमाल काढला.

मग सगळं बाहेर आलं. कंपनीचा कारखानाच नव्हता. कातडी याच माणसाकडून येत होती, पाच वर्षं. लेबलं एजंटच आणून द्यायचा आणि याची बायको ती शिवायची. पुढे याने काम थांबवलं, एजंटने दुसरीकडून माल धरला आणि वर्ध्याचं नाव विसरला. उरलेली लेबलं परत घ्यायचंही विसरला. लॉकअपमध्ये कोण बसलंय हे त्याला माहीत नव्हतं. त्याला नकली वाटत होता तो त्याचाच माल होता.

मी विचारलं, मग कंपनी करते काय? तो जराही लाजला नाही. साबण कानपूरचा, ब्रश कुणाचे, पॉलिश कुणाचं, आमचं फक्त नाव, म्हणाला. सगळे असंच करतात. बनवणाऱ्याला विकता येत नाही आणि विकणाऱ्याला बनवायची कटकट नको असते. गिऱ्हाईक नावावर भरवसा ठेवतं.

“आणि साहेब, खरं बोलू का?” तो आवाज खाली आणून म्हणाला. “हे कोणाच्या हातचं आहे ते कळलं, तर अर्धे शेठ लोक ते गाडीला लावणार नाहीत.”

मी त्याला बाहेर बसवलं. त्या माणसाला आत बोलावून पहिल्यांदाच खुर्ची दिली. उसवलेलं कातडं पाहिल्याबरोबर तो समजला. भोकांचं विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. ज्या चर्मालयात तो काम शिकला, तिथे फक्त आपोआप मेलेल्या जनावराचं कातडं घ्यायची रीत होती. कापलेल्याचं नाही. तशा कातड्याला तो आरीने तीन भोकं पाडायचा. कंपनी नेमकं त्यावरच लेबल लावायला सांगायची.

मग पहिल्या दिवशीच का सांगितलं नाहीस, मी म्हटलं. माल तुझा, लेबल त्यांनीच दिलेलं, यात गुन्हा कुठे आहे?

त्याने ते उसवलेलं कातडं उचलून मांडीवर ठेवलं. मग बोलला.

“दीक्षेच्या आधी वस्तीची बैठक झालती साहेब. कातड्याचं काम सोडा, हे मीच उठून बोललो. लोक नाई म्हनत होते, पोट कशावर भराचं म्हनून. मीच म्हटलं, आधी माह्या घरचं पुरतो. कुंड फोडले, अवजारं पुरली, ओली कातडी पुरली. माह्यामागं साऱ्यांनी पुरलं.” त्याने कातड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. “तयार झालेली वीस होती. ते पुराले हात नाई उचलला. एवढं मऊ काम माह्या हातून पहिले कधी झालं नोतं. घरात ठेववत नोतं, मातीत टाकवत नोतं. म्हनून विकत होतो. नवीन एकबी नाई केलं. पन आता कोन मानते?”

असं होतं सगळं. त्याने गुन्हा लपवला नव्हता. ज्यांनी त्याच्या शब्दावर पोटाचा धंदा सोडला, त्यांच्यापासून त्याने आपली एक कमजोरी लपवली होती. आणि मी ती त्याच्याच ओसरीवर पसरून, त्यांच्यातलेच पंच बोलावून, मोजून दाखवली होती.

प्रकरण बंद करायचा अहवाल मी त्याच दिवशी पाठवला. एजंटने जाता जाता त्याला, पुन्हा काम सुरू करतोस का, म्हणून विचारलं. त्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे मात्र त्याने एक मागणं मागितलं. रजिस्टरातला पेशा तेवढा खोडा, साहेब.

मी म्हटलं, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. नियम तसाच आहे. पण खाली सही करून, धंदा सोडला आहे, एवढं लिहायला कोणता नियम आडवा येत होता? मला ते सुचलंच नाही. एक फालतू प्रकरण निकाली निघालं, या आनंदात मी होतो. तो रामराम न करता निघाला. दाराशी थांबून जय भीम म्हणाला. मी मान हलवली.

चारपाच महिन्यांनी दुसऱ्याच कामाला पिपरीला गेलो. त्याच्या घराला कुलूप होतं. म्हातारा पंच लिंबाखाली बसला होता. मी चौकशी केली. नवराबायको दोघं गेली म्हणाला. तळेगावला त्याची बहीण आहे, तिथेही गेली नाहीत. वस्तीतलं कुणी काही बोललं का, मी विचारलं.

“कोनी काई बोललं नाई साहेब,” म्हातारा म्हणाला. “बोललं असतं तर तो राह्यला असता. आमी बोलनंच बंद केलतं. आमाले वाटलं, आमाले सोडाले लावलं आन् हा चोरून करून राह्यला.”

मी त्याच्याजवळ बसलो आणि जे होतं ते सांगितलं. कातडी जुनी होती, दीक्षेच्या आधीची. नवीन एकही नव्हतं. पुरायला त्याचा हात धजला नव्हता, एवढंच.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग उठून घरात गेला. मला वाटलं, भेट संपली. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक रापी होती, कातडं तासायची. मूठ झिजून त्याच्या पंज्याच्या आकाराची झाली होती.

“माह्या बापाची व्हय,” तो म्हणाला. “म्याही नाई पुरली. घराघरात पाहासान त काई ना काई निंघन. हे तुमी तवाच सांगतलं असतं साहेब, त आमी त्याले जाऊ नसतं देल्लं.”

पुढे मी तळेगावला दोनदा माणूस पाठवला, नागपूरच्या ठाण्यांना पत्रं लिहिली. गुन्हेगार शोधायला आमच्याकडे शंभर वाटा आहेत. ज्याने गुन्हाच केला नाही, त्याला शोधायला एकही नाही. तो सापडला नाही.

खरं शोधून काढलं की पोलिसाचं काम संपतं, असं मी तोवर समजत होतो. ते खरं मी नागपूरच्या कंपनीला कळवलं, कोर्टाला कळवलं, वरिष्ठांना कळवलं. ठाण्यापासून त्या लिंबापर्यंत सायकलने जेमतेम वीस मिनिटं लागत होती. तिथे जाऊन ते त्या म्हाताऱ्याला सांगावं, हे माझ्या मनातही आलं नाही. त्यानंतर ज्या ज्या माणसाला मी निर्दोष म्हणून सोडलं, त्याला त्याच्या घरापर्यंत मी स्वतः पोचवून आलो, आणि ओसरीवर उभं राहून चार लोकांना ऐकू जाईल असं सांगून आलो. लोक म्हणायचे, ठाणेदार साहेबांना ही काय सवय लागली. सवय कुठून लागली ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.