शंकासुराच्या चित्राखालचं आडनाव

वहिनींनी कात्री आणली. माझ्या शंकासुराच्या चित्राखालचं लेबल माझ्यासमोर धरलं आणि त्यावरचं माझं आडनाव कापून टाकलं.

इंग्लंडमधल्या वॉटफर्डचा हॉल. मराठी मंडळाचं एक्झिबिशन. मी नर्स, आठवडाभर वॉर्डात उभं राहून पाय सुजलेले, तरी साउथहॅम्प्टनहून लेकीला घेऊन आले होते. झाडाफुलांची माझी चित्रं तिनंच भिंतीवर लावली. वहिनी म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरी, सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. नवरा मोठा डॉक्टर. त्या हसतच म्हणाल्या, "अगं, नुसतं पहिलं नावच छान दिसतं. आडनाव वाचलं की लोक उगाच चौकश्या करतात."

कसल्या चौकश्या, ते मला पाठ आहे. शाळेत झाल्या. हॉस्टेलवर झाल्या. विमानात बसून इकडे आले, तर त्या चौकश्या इथे आधीच येऊन बसलेल्या. मंडळाच्या जेवणाला मी नेलेली आमटी झाकण न उघडता परत यायची.

भांडायचाही शीण येतो.

मग मला बोलायला उभं केलं. विषय माझ्या आवडीचा. साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक जर्मन चित्रकार बाई. फुलं काढायची, त्यांवरच्या अळ्या काढायची. नवऱ्याला सोडलं, त्याचं आडनाव टाकलं, बापाचं परत लावलं. पन्नाशी उलटल्यावर धाकट्या लेकीला घेऊन जहाजानं दक्षिण अमेरिकेत, सुरीनामला गेली. तिथे तिनं शंकासुर रंगवला. आपल्याकडे कुंपणाला असतो, तोच. तिथल्या गुलाम बायकांनी तिला सांगितलं, याच्या बियांनी आम्ही पोट पाडतो. आमची पोरं गुलाम व्हायला नकोत.

तिनं ते लिहून ठेवलं. त्या बायकांची नावं मात्र लिहिली नाहीत.

हे बोलले आणि मलाच ते टोचलं. एवढी वर्षं मी त्या जर्मन बाईला डोक्यावर घेतलं होतं. स्वतःचं नाव तिनं जपलं. ज्यांनी तिला झाड ओळखायला शिकवलं, त्या नुसत्या बायका राहिल्या. आणि मी? माझं नाव माझ्यादेखत कापलं, तर मी उभी राहून बघितलं.

माइकवर माझं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव दोनदा.

डॉक्टर उठले. म्हणाले, "कलेत जात कशाला आणता?"

"मी नाही आणली," मी म्हणाले. "कात्री तुमच्या घरची होती."

मी चित्रं उतरवायला लागले. लेक मदतीला आली. दारापर्यंत सोडायला कोणी आलं नाही. ट्रेनमध्ये तिनं विचारलं, "आई, आपलं आडनाव वाईट आहे का?"

इथे जन्मलेली पोर. इतकी वर्षं मी तिला काही सांगितलं नव्हतं. त्या ट्रेनमध्ये सगळं सांगितलं. आजोबांपासून. ती रडली. मी रडले नाही. थकले होते फक्त.

मंडळ आता बोलवत नाही. न बोलवो. चित्र लागेल तर पूर्ण नावानं लागेल. नाहीतर भिंत रिकामी राहू दे.