डब्यातलं मोहाचं बी

बियाणं कडक वाळलं तरच टिकतं, हे मी शेतकऱ्याच्या घरात शिकलो. ज्वारी असो की तूर, दाण्याला राख चोळायची, तीन-चार उन्हं दाखवायची, दाताखाली कट्ट वाजलं की डब्यात भरायचं. जिंतूरकडच्या आमच्या गावात शाळा सांभाळून आम्ही काही जण उघड्या माळावर इथलीच जुनी झाडं लावतो. बी साठवायचं काम माझ्याकडे. खैर, बाभूळ, बहावा, सगळं मी याच रीतीनं ठेवलं आणि ते उगवलंही. त्यामुळे मला स्वतःच्या हाताचा जरा गर्व होता.

ओढ्याकाठी मोहाचं एकच म्हातारं झाड उरलं होतं. त्याचं टोपलीभर बी एका आषाढात मावशीनं आणून दिलं. मावशी म्हणजे रोजानं शेतात राबून आयुष्य काढलेली, आमच्यात खड्डे खणायला येणारी म्हातारी. टोपली ठेवून ती म्हणाली, "गुरुजी, हे आजच मातीत घाला. वाळवू नका." मी मान हलवली. रोपांच्या पिशव्या संपल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर, बियाणं कसं ठेवायचं हे तिनं मला सांगावं, हेही कुठंतरी खटकलं. उघडीप मिळताच मी ते पत्र्यावर वाळवलं, राख लावली, डबा बंद केला.

पुढच्या वैशाखात वादळानं तो मोह मुळासकट आडवा झाला. लोक हळहळले. काळजी नको, डबा माझ्याजवळ आहे, असं मी सांगत फिरलो. मृगात डब्यातलं बी लावलं. एकही उगवलं नाही.

एका रविवारी माळावर सगळे असताना कुणीतरी कारण विचारलं. मी म्हणालो, बीच पोकळ होतं, वेचताना कुणी बघितलं नाही. मावशी चार पावलांवर होती. तिनं खोरं खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि निघून गेली. पुन्हा आली नाही.

त्या संध्याकाळी डब्याच्या तळाशी राहिलेल्या बिया मी फोडल्या. पोकळ नव्हत्या. आतला गर वाळून लाकूड झाला होता. रोपवाटिकेतल्या एका जाणत्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला की मोहाचं बी ओलं असतं तोवरच जिवंत, सुकलं की मेलं. मावशीनं सांगितलं होतं तेच. हे कळूनही पंधरा दिवस मी तिच्या दारावरून जायचं टाळलं, लांबच्या वाटेनं शाळेत गेलो. त्याची लाज अजून गेलेली नाही.

शेवटी गेलो. ती सुपात तूर निवडत होती. मी सगळं सांगितलं.

"तुमी त्याला जवारी समजलात व्हय," ती मान वर न करता म्हणाली. मग सुपातला एक खडा बाजूला टाकत, "मला काय सांगायलात? ज्यांच्यापुढं बोललात, त्यांच्यापुढं बोला." तरी चहा पाजल्याशिवाय तिनं मला उठू दिलं नाही.

रविवारी माळावर बोललो. बी चांगलं होतं, मी मारलं, आणि वर दोष मावशीला दिला. तेवढ्यात पायवाटेनं मावशी येताना दिसली, डोक्यावर पाटी. पाटीत तेलाचे दोन जुने डबे आणि प्रत्येकात दोन वीत उंचीचं मोहाचं रोप. बी दिलं त्याच दिवशी तिनं मूठभर मागं ठेवून ओल्या मातीत घातलं होतं. त्यातली तीन जगली.

"दोनच आणलीत," ती म्हणाली. "तिसरं घरी हाय. तुमचा भरवसा न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग डोळे पुसायला खाली वाकून खड्ड्यातले खडे वेचत बसलो.

दोन्ही रोपं माळावर लागली आहेत. डबे मावशीनं परत मागितले, मी ते धुऊन नेऊन दिले. खैर-बाभळीचं बी आजही मीच ठेवतो. फक्त नवं बी आलं की आधी तिच्या दारात जातो आणि विचारतो, मावशी, हे वाळवायचं का?