आलेटचं बेट

आलेट अ‍ॅम्स्टरडॅममध्ये, कालव्याकाठच्या एका खोलीत एकटीच राहायची आणि छापून आलेले नकाशे रंगवायची. किनाऱ्याला पिवळी कड, आत हिरवा रंग. समुद्र कोराच ठेवायचा. दूर पूर्वेकडची बेटं तिच्या शेजारणींपेक्षा जास्त ओळखीची होती. शेजारणी बदलत, बेटं जागेवर असत.

त्यातलं एक तीळभर बेट ती रोज सर्वांत शेवटी रंगवी. अकरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, हारमेनला, जहाजावर तापानं गाठलं आणि सोबत्यांनी त्याला त्या बेटावर पुरलं. कप्तानाच्या पत्रात एवढंच होतं. फुलं ठेवायला थडगं नव्हतं. हे टिंब होतं.

मार्चमध्ये येल्मर आला. नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा, बोलघेवडा माणूस.

"वहिनी, खूश व्हा! तुमचं एक बेट कमी झालं." त्यानं बोट ठेवलं ते नेमकं तिथंच. "परवा परतलेलं जहाज इथूनच गेलं. नुसतं पाणी! दोर सोडला तर तळ लागेना. उद्या घासून टाकतो."

"तिथं हारमेन आहे."

येल्मरनं टोपी काढली. "मला ठाऊक नव्हतं हो."

"मग पुरलं कुठं त्याला? पाण्यात?"

"छे! बेट असणारच. जागा चुकली असेल. उत्तर-दक्षिण ताऱ्यांवरून कळतं. पूर्व-पश्चिम म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार."

"मग पुसू नकोस. सरकव थोडं."

"सरकवतो की. छापखान्याच्या मालकांना सांगेन काहीतरी. कुठं सरकवू, ते दाखवा."

आलेटनं बोट पुढे केलं. डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. सगळीकडे कोरा कागद. ती ठेवेल तिथं उद्या कुणाची तरी माणसं कोरड्या घशानं गोडं पाणी शोधत जातील.

तिनं बोट मागे घेतलं. "पूस."

येल्मरनं पत्रा उलटा करून मागून ठोकला, पुढून घासला. नवा नकाशा आला तेव्हा त्या जागी पुसट करडी सावली होती; दुसऱ्या कुणाला दिसली नसती. आलेटनं कुंचला तिथवर नेला आणि उचलला.

हिरवा रंग ती नेहमीच्याच मापानं खलत राहिली. रोज संध्याकाळी रंगाच्या शिंपल्यात थोडासा उरायचा.