अनुभवी माणूस सगळ्यात मागे

सुरतेत चढ नावाची गोष्ट नाही. जे काही चढायचं ते उड्डाणपुलावर, तेही गाडीनं. माझा जन्म सुरतेतल्याच उधन्याचा. वडील धुळ्याकडून इथल्या मिलमध्ये कामाला आले आणि इथलेच होऊन गेले. महाराष्ट्रात मी जातो तो लग्नांना आणि दहाव्यांना. आमचं मूळ गावही असं सपाट, की एसटीच्या थांब्यावर उभं राहिलं की पुढच्या गावचा थांबा दिसतो. आणि तरीही गेली पंचवीस वर्षं आमच्या विम्याच्या ऑफिसात मी किल्ले चढणारा माणूस म्हणून ओळखला जात होतो.

याची सुरुवात मी केली नव्हती, पण ती थांबवलीही नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या गुजराती सहकाऱ्यानं विचारलं, "भाऊ, तमे तो मराठी. किल्ला तो घणा चढ्या हशो?" नाही म्हणायला एक सेकंद पुरेसा होता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "चढलोय थोडेफार," मी म्हणालो. मग काय, मी रजा टाकून धुळ्याला एखाद्या चुलतभावाच्या हळदीला गेलो तरी सोमवारी ऑफिसात एकच प्रश्न, "या वेळी कुठला किल्ला?" पहिली काही वर्षं मी नुसता हसायचो. पुढे पुढे तपशील देऊ लागलो. राजगडाचं नाव शाळेच्या पुस्तकातून आठवत होतं, बाकी मी वारा सांगायचो. "राजगडावर यंदा काय वारा होता म्हणून सांगू." वाऱ्याचा पुरावा कोणी मागत नाही, हे मला फार लवकर कळलं.

ऑफिसातले लोक मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत राहिले, आणि आयुष्यात मी तेवढंच एक झाड चढलो. "तुमच्या लोकांनी आमची सुरत दोनदा लुटली, आता चहा तरी पाजा," असं ते म्हणायचे. मीही असा ऐटीत चहा मागवायचो, जणू आत्ताच घोड्यावरून उतरलोय.

बायकोला अर्थातच सगळं माहीत होतं. त्या सगळ्या हळदींना ती माझ्याबरोबरच असायची. ती आमच्या भागातल्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते. बाहेर शाळेतली मराठी बोलते आणि घरात माहेरची अहिराणी. ऑफिसातलं कोणी घरी आलं आणि किल्ल्यांचा विषय निघाला, की ती उठून चहा टाकायला जायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ माझ्यापेक्षा तिनंच जास्त काळ झाकून धरली होती.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिनं फोन माझ्यापुढे धरला. हिमाचलमधल्या एका ट्रेकची जाहिरात होती. सहा दिवस, दहा माणसांचा लहान ग्रुप, दोन गाइड, तंबू आणि जेवणखाण त्यांचं. खाली डोंगरमाथ्याचा एक पांढराशुभ्र फोटो होता. तिच्या शाळेतली एक शिक्षिका तिथे जाऊन आली होती. बायकोनं त्या माथ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "माले तठे जावानं शे."

सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे मिक्सर मागितला, गॅलरीला जाळी मागितली, मुलाच्या क्लाससाठी हट्ट धरला. स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मला नाही म्हणवलं नाही. खरं सांगायचं तर, नाही म्हणायला कारणं पुष्कळ होती आणि ती सगळी माझ्या गुडघ्यात होती. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना मी ही बातमी अशा थाटात सांगितली, की शेजारच्या टेबलावरचा तो सहकारी लगेच म्हणाला, "भाऊ जोडे होय तो हुं पण आवुं." भाऊ सोबत असताना कसली भीती, तोही येणार. झालं. परतीचा रस्ता बंद.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, पूर्वीचा अनुभव. बायकोनं लिहिलं, काही नाही. मी पाच किल्ले लिहिले. सहकारी खांद्यावरून बघत होता, म्हणून राजगडापुढे 'दोनदा' असंही लिहिलं.

मग तयारी. बायको सकाळ-संध्याकाळ आमच्या इमारतीचे पाच मजले चढायची-उतरायची, पाठीवरच्या पिशवीत तुरीची डाळ भरून. मी दुसऱ्या मजल्यावर उभा राहून तिच्यावर देखरेख करायचो, कारण तिथल्या खिडकीतून वारा छान येतो. एकदा मात्र मला लाज वाटली आणि सकाळी मी एकटाच उधन्याचा पूल चढायला गेलो. निम्म्यावर कठड्याला धरून धापा टाकत उभा होतो. तेवढ्यात मोटरसायकलवरून एक पोलीस आला, थांबला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, घर में सब ठीक है ना?" त्यानं मला मागे बसवून पुलाखाली आणून सोडलं. तिथेच लोचोची गाडी होती. एवढी मेहनत झाल्यावर दोन प्लेट खाणं भाग होतं.

ट्रेकच्या पहिल्या मुक्कामी आमचा मुख्य गाइड भेटला. साधारण माझ्याच वयाचा, पण माझ्या निम्म्या वजनाचा, तिथल्याच गावातला. संध्याकाळी जेवणाच्या तंबूत त्यानं सगळ्यांचे फॉर्म वाचले आणि माझ्यापाशी थांबला. "सर, आप तो पुराने आदमी हैं. आप सबसे पीछे चलेंगे." मग त्यानं आपली पद्धत समजावली. पुढे तो, मध्ये दुसरा गाइड, आणि सगळ्यात शेवटी ग्रुपमधला अनुभवी माणूस. या शेवटच्या माणसाच्या मागे कोणी राहायचं नाही. कोणाला त्रास झाला तर त्यानं शिट्टी वाजवायची. असं म्हणून त्यानं माझ्या गळ्यात लाल दोरीची शिट्टी घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको ताटातली भाजी चिवडत होती.

पहिले दोन दिवस मात्र मी सुखात काढले. असा मान मला जन्मात मिळाला नव्हता. मी सगळ्यात मागे असायचो आणि ते माझं कर्तव्य होतं. दम लागला की कमरेवर हात ठेवून समोरच्या डोंगराकडे असं पाहायचो, जणू त्याच्या कागदपत्रांची तपासणी चाललीय. पुढच्यांना ओरडून सांगायचो, "सावकाश, घाई नको." ऑफिसातल्या सहकाऱ्याचं पोट माझ्याहून मोठं, पण तो खिशातले थेपले खात खात तुरुतुरु पुढे जायचा आणि मधूनच वळून म्हणायचा, "भाऊ केटलुं ध्यान राखे छे." मी मान हलवायचो. बोलायला श्वास नसायचा.

बायको माझ्या चार पावलं पुढे असायची. अंतर वाढलं की दगडावर टेकून थांबायची. मला वाटायचं, दमली. "बस जरा," असं म्हणून आधी मीच बसायचो.

तिसऱ्या दिवशी माथा गाठायचा होता. उजाडताच निघालो. गाइडनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, बाराच्या आत वर पोचायचं, नंतर ढग येतात. आणि कोणी आजारी पडलं तर सगळा ग्रुप खाली जाणार, तिथे हुज्जत चालणार नाही. बर्फ सुरू झालं त्या जागी, साधारण साडेनऊला, माझे पाय थांबले. मी त्यांना पुष्कळ समजावलं. मग बर्फातच बसलो.

संकटात सापडलेल्या माणसासाठी शिट्टी वाजवणं हे माझं काम होतं, आणि संकटात सापडलेला माणूस मीच होतो. शिट्टीला फुंक लागते. दोनदा नुसती हवा गेली. तिसऱ्यांदा कुकरची वाफ संपताना येतो तसा आवाज निघाला. तो कोणी ऐकला नाही, पण बायकोनं वळून पाहिलं आणि गाइडला हाक मारली.

गाइड खाली आला. त्यानं माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आकडा चांगला होता, आणि त्यानंच घोटाळा केला. डोकं दुखतं का, उलटी होते का, गरगरतं का, सगळं विचारून झालं. सगळ्याला नाही. गाइडच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मशीन ठीक बोल रही है, सर. लेकिन इतने क़िले चढ़ा हुआ आदमी ऐसे नहीं बैठता. अंदर कुछ गड़बड़ है. मैं रिस्क नहीं लूँगा." त्यानं वर पाहून दोन्ही हात हलवले. सगळे खाली.

वरचे लोक कुरकुरत उतरू लागले. माथा आता इतका जवळ होता, की त्यावर बांधलेल्या पताका दिसत होत्या. बायकोनं एकदा तिकडे पाहिलं. मग काही न बोलता काठ्या एका हातात घेतल्या आणि उतरण्यासाठी बुटांच्या नाड्या आवळायला वाकली.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो, कारण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. सगळेच खाली जाणार. भाऊंना जमलं नाही असं कोणी म्हणणार नव्हतं. उंचीचा त्रास भल्याभल्यांना होतो, बिचारे भाऊ, असंच म्हणतील. मी कपाळाला हातसुद्धा लावला, थोडा आजारी दिसावा म्हणून. माणूस किती हलका असू शकतो, ते मला बारा हजार फुटांवर कळलं, आणि तो माणूस मीच होतो.

बायको नाड्या बांधून आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. आवाज इतका खाली, की दुसऱ्याला ऐकू जाऊ नये.

"तुम्हले खरंच काही व्हई राहिनं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग सांगी द्या त्यासले." ती थांबली. "माले वर जावानं शे."

ती स्वतः सांगू शकली असती. एका वाक्याचं काम होतं आणि तिचा पूर्ण हक्क होता. तिनं ते माझ्यावर सोडलं. मला तिच्याकडे पाहवेना म्हणून मी गाइडकडे पाहिलं आणि गुजराती वळणाच्या माझ्या हिंदीत म्हणालो, "मैं बीमार नहीं हूँ. मैंने एक भी क़िला नहीं चढ़ा. सब झूठ लिखा. उधना का पुल चढ़ा है, वो भी आधा."

सगळ्यात आधी आमचा सहकारी भानावर आला.

"राजगड पण नहीं?"

"नहीं."

"और वो हवा?"

"हवा भी नहीं."

त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, खोटं मी बोललो खरा, पण तो वारा पंचवीस वर्षं त्यानंही माझ्याइतकाच खाल्ला होता. गाइडनं माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फिर तो ठीक है. आप बीमार नहीं हैं, आप बस..." असं म्हणून पुढचा शब्द त्यानं सभ्यपणे गिळला. माझ्या गळ्यातली शिट्टी काढून त्यानं सहकाऱ्याच्या गळ्यात घातली, दुसऱ्या गाइडला माझ्यापाशी बसवलं आणि बाकीच्यांना घेऊन निघाला. बायको जाताना फक्त "येस मी", म्हणजे येते मी, असं म्हणाली, रोज शाळेला निघताना म्हणते तसं.

मी आणि तो दुसरा गाइड दगडावर बसलो. बर्फावर ओळीनं माणसं चढत होती. मी तिला शेवटाकडे शोधत होतो. नंतर मध्ये शोधली. मिळेना. तेव्हा दुसऱ्या गाइडनं बोट दाखवलं. मुख्य गाइडच्या पाठोपाठ जी व्यक्ती झपझप, न थांबता चालली होती, ती.

"मैडम तो बहुत तेज़ हैं."

"नहीं, नहीं. वो धीरे चलती है," मी म्हणालो. हे मी सगळ्यांना सांगतो. नातेवाइकांना सांगतो, स्टेशनवर गाडी चुकली की सांगतो, हिच्यामुळे उशीर होतो.

साडेअकराच्या आत ती वर होती. पताकांपाशी तिनं दोन्ही हात वर केले. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. मला आनंद झाला, आणि पोटात दुखलंही. दोन्ही खरं होतं.

उतरताना ती पुन्हा सगळ्यांच्या आधी पोचली. गाल लाल झाले होते, ओठ फुटले होते. माझ्या शेजारी बसून ती माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायली. मी सवयीनं विचारलं, "दमलीस?"

तिनं नकारार्थी मान हलवली. बुटांवरचं बर्फ झटकलं. मग म्हणाली, तक्रार म्हणून नाही, स्वतःशीच हिशेब लागावा तशी, "इतला वरीस माले वाटे, मनी चालच सावकाश शे."

तसं तिला कोणी सांगितलं होतं, ते मला पक्कं माहीत होतं. खाली निघायची वेळ झाली तेव्हा तिनं मला उठवायला हात पुढे केला. मी तो धरून उठलो, आणि सोडून दिला.

"तू हो पुढे," मी म्हणालो. "मी येतो मागनं."