चंद्रीची पंगत

पेशवाईत कसबा पेठेत सोजरबाई गवळीण राहायची. तिच्या जिभेला सगळी आळी वचकून असे आणि ती स्वतः वचकून असे ती फक्त आपल्या कालवडीला. कालवडीचं नाव चंद्री. कपाळावर चांद आणि चालीत सरदारणीचा तोरा.

चंद्रीची आई तांबू पुन्हा गाभण होती, दूध आटत चाललं होतं. ते बंद व्हायच्या आत चंद्री कडबा-भरडा खायला शिकली नाही, तर तिचं काही खरं नव्हतं. आदल्या साली एक गोऱ्हा असाच खंगून गेला होता.

धार काढून झाली की सोजरबाई चिमूटभर हरभऱ्याचा भरडा चंद्रीच्या जिभेवर चोळायची. चंद्री तो जिभेनंच बाहेर ढकलायची आणि दाराकडे डोळे लावायची. कारण दुपारी आळीतून गोग्रास यायचा. तांबू मागच्या अंगणात चिखलात, चंद्री पुढच्या दाराशी. तेव्हा आळीनं तूप-गूळ लावलेली पोळी चंद्रीलाच भरवायचा परिपाठ ठेवला होता. पुण्य तेच, चालणं कमी!

शेवटी सोजरबाई दारात आडवी बसली. शेजारच्या आनंदीकाकू पोळी घेऊन आल्या.

"काकू, घास गाईला द्यायचा. ही गाय न्हाय, लेकरू हाय."

"अगं, तुझ्या चिखलातून जायचं, तर माझं सोवळं सांभाळायला तू येणार का?"

"मग पुण्य घरीच ठिवा! तुमच्या पोळीनं हिला भूक लागत न्हाय. उद्या दूध आटल्यावर काय खाईल ही?"

काकूंनी निऱ्या वर खोचल्या आणि चिखल तुडवत तांबूकडे गेल्या. आळीत त्याची चर्चा आठवडाभर पुरली.

पोळ्या बंद झाल्या, पण चंद्री रुसली. भरड्याला तोंड लावेना. सोजरबाईच्याही घशाखाली भाकरी उतरेना. गूळ द्यावा म्हणून तिचा हात दोनदा मडक्याकडे गेला आणि दोनदा तिनंच तो मागे ओढला.

भैरू तेली पेंड द्यायला आला. त्यानं गोठ्यात डोकावून पाहिलं.

"मावशी, एकट्याला जेवण जातं का कुठं? पंगतीला कुणीतरी बसवा."

त्यानं आपली शेळी आणून गव्हाणीला बांधली. शेळी ती, तिला आग्रह लागत नाही. तिनं भरड्यात तोंड खुपसलं. चंद्रीनं कान टवकारले. आपल्याला नको असलेली वस्तूसुद्धा दुसऱ्यानं नेऊ नये, हा कसब्याचा बाणा तिच्या रक्तातच होता. तिनं शेळीला ढुशी दिली, गव्हाणीत तोंड घातलं आणि रागारागानं एक घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला राग विसरली.

"खा गं भवाने, खा!" सोजरबाईनं नाकाला पदर लावला.

पुढं तांबू पार आटली, त्या दिवशी सोजरबाई रिकामी चरवी घेऊन चंद्रीपुढं उभी राहिली. चंद्रीनं मान वरसुद्धा केली नाही. तिच्या तोंडात कडबा होता.

"बघा, हिला काय म्हंता काय वाटंना!" सोजरबाई आळीभर तक्रार सांगत फिरली. इतक्या आनंदानं तक्रार करणारी बाई पेठेनं पूर्वी पाहिली नव्हती.