तिसऱ्याला मत देणारी सुमनताई

फोन कौसल्येचा होता. "काकू, सुमनताई गेल्या..." एवढंच बोलली आणि रडू लागली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. सगळ्या घड्या झाल्या, तेव्हा कुठे खाली बसले. ईशान, रेवा, तुम्ही नातवंडांनी तिला फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलंत, म्हणून आता थोडं शांत झाल्यावर लिहिते आहे.

सुमनताई आर्णीजवळच्या तांड्यातली. आम्ही एकाच शाळेत होतो. ती नागरिकशास्त्र शिकवायची, मी इंग्रजी. निवृत्तीनंतर दोघीही इथल्या वाचनालयाच्या सभासद झालो. वाचनालयात दोनच गट होते, छत्री आणि कपबशी. निवडणुकीत कधीतरी मिळालेल्या चिन्हांची नावं गटांना कायमची चिकटली होती. कधी छत्रीचा अध्यक्ष, कधी कपबशीचा. दिवस मावळला की कुलूप मात्र दोघांच्याही राज्यात लागायचं. तांड्यातल्या मुलींना परीक्षेच्या अभ्यासाला संध्याकाळी जागा हवी होती. तांड्यातलीच कौसल्या त्यासाठी अध्यक्षपदाला उभी राहायची, आणि दर वेळी पडायची. जो तो म्हणायचा, "पोरगी चांगली हाय, पन मत वाया जाईन नं!"

सुमनताईनं सभेत ठराव मांडला, की पदवीधर मतदारसंघात देतो तसं पसंतीक्रमानं मत द्यायचं, म्हणजे नावांपुढे एक, दोन, तीन लिहायचं. दोन्ही गट हसले आणि गंमत म्हणून हो म्हणाले.

मतदानाच्या तालमीत मात्र फजिती झाली. बायकांनी तिन्ही नावांपुढे एक लिहिलं. सुमनताईनं एका म्हातारीला विचारलं, "काहून वं याडी, तिघायलेही एक?" तांड्यात आईला याडी म्हणतात.

"मंग! तिघंही माह्या घरी चहा पेऊन गेले. दोन नंबर देऊन कोनाचं मन दुखवू?"

सगळ्या हसल्या. सुमनताई हसली नाही. "यवतमाळची गाडी भरून गेली, तं तू घरी वापस जातं?"

"कायले? दुसरी पकडतो."

"अन् एकाच वक्ती तीन गाड्यायत बसतं काय?"

म्हातारीनं कागद परत मागून घेतला.

मतमोजणीच्या दिवशी छत्री पुढे होती, पण निम्म्याला पोचली नव्हती. कौसल्या दुसरी आली, कपबशी थोडक्यात तिसरी. नियमाप्रमाणे कपबशी बाद झाली. कपबशीचा एक कार्यकर्ता ओरडला, "गेले आमचे मतं वाया!" सुमनताई म्हणाली, "वाया नाही गेले दादा, पुढं गेले." कपबशीवाल्यांना छत्री डोळ्यासमोर नको होती, त्यांनी दोन नंबर कौसल्येला दिला होता. ती मतं तिच्याकडे वळली आणि ती निवडून आली! तांड्यावर डफडं वाजलं. मी या वयात नाचले, याला साक्षीदार आहेत.

मी तिला म्हटलं होतं, "आता दोन्ही गट संपले." तिनं मान हलवली. "मोठे दोघं राह्यतीनच. बाहेरच्या देशातही असं मत देऊन बहुतेक दोनच मोठे राह्यतात. पन आता त्यायले तिसऱ्याच्या दारात यावं लागते. एवढं पुरे हाय मले."

तिच्या जाण्यानंतर लगेच निवडणूक लागली. गटांनी जुनी पद्धत परत आणायचा ठराव मांडला. ती नव्हती, आणि मला धास्ती वाटत होती. तीच म्हातारी काठी टेकत उठली, "या नव्या पद्धतीले आता कोनी नाही म्हनू नका. आमाले एक-दोन-तीन लिवता येते." ठराव पडला. या खेपेला पाच उमेदवार होते. छत्रीवाला आणि कपबशीवाला एकाच सकाळी माझ्या फाटकात भेटले. "काकू, एक नंबर तुमाले पटन त्याले द्या, दोन आमाले द्या." एकमेकांना शिव्या देणारी ही माणसं, दोघंही साखर कमी घातलेला चहा निमूट प्यायली. कौसल्या पुन्हा आली, या खेपेला आणखी जोरात.

निकालाच्या संध्याकाळी मी वाचनालयात गेले. अशा लेखात लिहायची रीत आहे, की तिची खुर्ची अजून रिकामी आहे. तसं नाही. खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीवर एक मुलगी वही उघडून बसली होती, आणि आणखी दोघी ती कधी उठते याची वाट पाहत उभ्या होत्या.