भिजवलेली सरकी

हिवाळ्यात आमच्या खामगावात सगळेच खोकायचे. दिवाळी झाली की कापसाचे कारखाने, म्हणजे जिनं, सुरू व्हायची, आणि मग होळीपर्यंत हवेत रुईचं तूस तरंगत राहायचं. वाळत घातलेल्या लुगड्यांवर तूस, पाण्याच्या माठावर तूस, भाकरीच्या पिठातसुद्धा तूस. जिनात काम करणाऱ्या बाया खोकायच्या, गादीवर बसलेले शेठ खोकायचे, शाळेतले मास्तर खोकत खोकत पाढे म्हणून घ्यायचे. त्यामुळे माझी चार वर्षांची मुलगी खोकायला लागली तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण माझं ऐकायला होतंच कोण!

हे एका जिनात कारकून होते. जिनाच्या आवाराला लागूनच आमचं दोन खोल्यांचं घर होतं, मागे छोटा गोठा आणि गोठ्यात एक म्हैस. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं, कारभार सगळा नागपूरहून. तिकडे कुठे तरी लढाई चालली होती आणि त्या लढाईपायी इकडे रॉकेल मिळत नव्हतं. सरकी मात्र हवी तेवढी होती. कापसातून रुई काढून घेतली की मागे जे बी राहतं ती सरकी, म्हशीचा खुराक. मी रोज संध्याकाळी घमेल्यात अर्ध्यापर्यंत सरकी टाकून वर पाणी ओतायची आणि सकाळी ती म्हशीपुढे ठेवायची. कोरडी सरकी टणक असते, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा जरा लांबट, अंगावर पांढरी लव. तीच सकाळी फुगून घमेल्याच्या काठाला टेकलेली असायची. हात घातला की बोटांना मऊ लागायची, जरा दाबली की फुटायची. हे मी वर्षानुवर्षं बघत होते आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

एका सकाळी मुलगी गोठ्यात पोत्याजवळ बसली होती. पोत्यातली कोरडी सरकी तोंडात धरून ती म्हशीसारखं रवंथ करून म्हशीलाच दाखवत होती. मी चुलीजवळून बघत होते, मलाही हसू येत होतं. "थुक ते," असं मी म्हणेपर्यंत म्हैस फुरफुरली, पोर खदखदून हसली आणि तिला ठसका लागला. साधा ठसका नव्हता तो. डोळे बाहेर आले, ओठ जांभळासारखे झाले. मी धावत जाऊन तिला मांडीवर पालथी घातली, पाठीत थापट्या मारल्या. ती खोकली, ओकली, मग मोठ्यांदा रडली. थोड्या वेळानं तिनं दूध-भाकर मागितली, खाल्ली आणि पुन्हा म्हशीशी गप्पा मारायला गेली. 

त्यानंतर खोकला सुरू झाला. आधी अधूनमधून, मग सारखा. ती झोपली की छातीत बारीक शिट्टी वाजायची. मी आमच्या वैद्यबुवांकडे गेले. सरकीचं सगळं सांगितलं. त्यांनी नाडी धरली आणि माझ्याकडे न बघता बोलले, "पोटात गेली असंन सरकी, निंगून जाते. हा रुईचा खोकला हाय, बाई. जिनापाशी राह्यता अन् खोकला काऊन येऊन राह्यला म्हून इचारता?"

"पन बुवा, शिट्टी वाजते छातीत."

"वाजू द्या. थंडीची वाजते."

अडुळशाचा काढा झाला, मध-सुंठ झाली, छातीला तीळतेल झालं. शेजारणीही तेच म्हणायच्या. घरी यांनीही मान डोलावली. "हाव, रुईचाच हाय तो. मले बी हाय नं," म्हणून स्वतः दोनदा खोकून दाखवलं. मला त्या खोकण्याचा असा संताप आला की त्या दिवशी मी यांना ताट वाढून पाठ फिरवून बसले. अख्ख्या गावाला एकच खोकला माहीत होता, आणि माझ्या लेकीच्या खोकल्याला दुसरं काही कारण असू शकतं हे मान्य करायला कुणी तयार नव्हतं.

मग ताप आला. पोर खेळायची थांबली. पायऱ्या चढल्यावर माणूस जसा दम घेतो तसा ती बसल्या जागी दम घ्यायला लागली.  गावात एक नवीन डॉक्टर आले होते. मुंबईला कान, नाक आणि घसा एवढंच वेगळं शिकून आलेले. लोक त्यांची थट्टा करायचे; एवढ्याशा कानाला वेगळा डॉक्टर कशाला, म्हणायचे. मी मुलीला खांद्यावर टाकलं आणि निघाले. मागून हे टोपी घालत घालत आले.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, पुन्हा उजवीकडे बराच वेळ ऐकलं. "उजव्या बाजूला हवाच जात नाही," ते म्हणाले, आणि मग त्यांनी आपण होऊन विचारलं, "हिला कधी ठसका लागला होता का? दाणा, बी, मणी, असं काही तोंडात होतं?"

मला रडूच फुटलं. रडत रडतच सगळं सांगितलं. त्यांनी पोटात गेली असेल असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "श्वासनळीत आहे. आणि सरकी म्हणजे, ती आत भिजून फुगणार."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे घमेलं आलं. रात्रीत काठाला टेकणारी सरकी आली. आणि माझ्या लेकीच्या छातीत ती एका रात्रीपुरती नव्हे, कितीतरी दिवस भिजत पडली होती.  मी तिथल्या बाकावर बसले.

डॉक्टर शांतपणे समजावत होते. पूर्वी अशा लेकराला वाचवायला फारसा उपाय नसे, फुप्फुस सडून लेकरू जायचं. आता तोंडावाटे घशात आणि घशातून श्वासनळीत घालायची पितळी नळी निघाली होती. तिच्या टोकाशी बारीकसा विजेचा दिवा असतो. नळीतून आत बघायचं आणि लांब चिमट्यानं दाणा काढायचा. डॉक्टर हे काम मुंबईला करून आले होते, नळ्या त्यांच्याकडे होत्या. त्यांच्या मनात आधी आम्हाला मुंबईलाच पाठवायचं होतं. पण जलंबला गाडी बदलून एवढा प्रवास, आणि वाटेत खोकल्याच्या उबळीनं दाणा सुटून चालू असलेल्या डाव्या बाजूला अडकला तर डब्यात कोण काय करणार? "उद्या सकाळी इथंच करू," ते म्हणाले. "आणि येताना भिजवलेली सरकी घेऊन या. चांगली फुगलेली."

बाहेर आल्यावर हे हळूच म्हणाले, "सरकी कायले पाह्यजे त्याले? उतरून टाकाले का?" डॉक्टर दृष्ट काढणार, असं यांना वाटलं. एरवी मी हसले असते. घरी म्हशीसाठी रात्री घमेल्यात भिजवलेली होती, तीच मी निघताना वाटीत भरली. तिच्याकडे बघवत नव्हतं.

सकाळी डॉक्टरांनी ती वाटी टेबलावर ठेवून घेतली. रबराच्या नळीच्या एका तुकड्यात त्यांनी आमच्या सरकीचा एक दाणा सारला, मग पितळी नळी त्यात घातली, डोळा लावला आणि आतून लांब चिमटा सोडला. मुलगी माझ्या मांडीवर धापा टाकत होती आणि मी त्यांच्या हाताकडे बघत होते. चिमटा बाहेर आला. टोकाला साल होती, आणि रबरातून पिवळट लगदा गळला.

"हे कायले करता?" मी विचारलं.

"सराव. किती जोरानं धरलं की फुटते ते हाताला कळायला हवं. आत फुटली तर तुकडे दोन्ही बाजूंना जातील." त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. लपवलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

दुसरी फुटली. नंतरची धरली आणि निसटली. त्यापुढची फुटली. प्रत्येक दाण्यागणिक माझ्या छातीत कळ उठायची. तो वाटीतला दाणा नव्हताच, माझ्या मांडीवरच्या पोरीच्या छातीतला होता, आणि हा माणूस तो पुन्हा पुन्हा फोडत होता. हे उठून बाहेर गेले. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. "डाक्टरसाहेब, दाबू नका नं तिले! फकस्त उचला!" मी ओरडलेच.

"तेच शिकतोय, बाई," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला तो घाम दिसला आणि मी आणखी घाबरले.

मग एक दाणा सबंध आला. त्यामागून आणखी आले, लव न विस्कटता, अख्खे. माझा श्वास जरा खाली बसला. आता झालं असं वाटत असताना त्यांनी अजून एक धरला, आणि तो फुटला.  वाटीतून दुसरा घेतला, तो नीट काढला, आणि हात धुवायला गेले. पुढे सगळा वेळ माझ्या डोक्यात तो फुटलेलाच होता.

श्वास असा अडकलेला असताना क्लोरोफॉर्म देता येणार नव्हता, पोर जागीच राहणार होती. नर्सनं तिला चादरीत घट्ट गुंडाळून खांदे धरले. कंपाउंडरकडे चिमटे आणि दिव्याच्या तारांची पेटी होती. आता डोकं धरायला माणूस हवा होता. टेबलाच्या कडेबाहेर डोकं घेऊन, मागे झुकवून, डॉक्टर सांगतील तसं वरखाली करायचं आणि इतर वेळी केसभरही हलू द्यायचं नाही. हे बाहेरून येऊन पुढे झाले. यांचे हात इतके कापत होते की डॉक्टरांनी यांना बाहेर बसायला सांगितलं.

"मी धरीन," मी म्हटलं.

"आईनं धरू नये. आईचा हात सैल पडतो."

"म्हशीच्या पारडाले नळीनं औषध पाजाचं असलं का मुंडकं मलेच धरा लागते. नाही पडनार सैल."

त्यांनी मला जागा दाखवली. मी स्टुलावर बसले. दोन्ही तळवे तिच्या कानांवर आले. केस घामानं ओले होते. ती किंचाळत होती, "माय, मले घे, मले घे!" आणि तिला घ्यायचे हातच तिला बांधून ठेवत होते.

नळी आत गेली आणि किंचाळणं एकदम बंद झालं.  ती रडायची थांबली नव्हती. नळी आवाजाच्या जागेतून पलीकडे गेली होती, म्हणून रडणं चालू आणि आवाज नाही. तोंड वासलेलं, गाल भिजलेले आणि नळीतून नुसती हवेची फुसफुस. तिचे डोळे उलटे माझ्याकडे बघत होते. गळ्याच्या कातडीतून क्षणभर लालसर उजेड दिसला, मग तोही खाली सरकला. "जरा वर. डावीकडे. तसंच," डॉक्टर म्हणायचे आणि मी तसं करायची. "हाव माय, हाव," एवढंच माझ्या तोंडून निघत होतं. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. बाळंतपणात नाही, प्लेगात गाव सोडून शेतात झोपडी घालून राहिलो तेव्हाही नाही.

"दिसली," डॉक्टर म्हणाले. "चिमटा."

कंपाउंडरनं चिमटा हातात दिला. तो लांबलचक चिमटा नळीत शिरताना मी पाहिला आणि मग डोळे मिटले. मिटल्यावर तर फुटलेला दाणाच दिसायला लागला, म्हणून पुन्हा उघडले. डॉक्टरांचं मनगट थांबलं होतं. बोटं किती हलली ते मला कळलं नाही. त्यांनी ओढलं, आणि फक्त चिमटा नाही, नळीसकट सगळं एकदम बाहेर आलं.

पोर श्वास घेईना. नळी नाही, आवाज नाही, काही नाही. ओठ त्या दिवशीसारखे जांभळे. नर्सनं काही तरी म्हटलं. मी डोकं धरून होते.

मग तिच्या छातीनं एकदम मोठी हवा ओढली, खरखरत, आणि ती रडली. घोगरं, फाटकं रडणं, पण त्यात आवाज होता. कंपाउंडरनं पांढऱ्या तबकात काहीतरी ठेवलं. नळीत मावेना म्हणून नळीसकट ओढलेली ती सरकी होती, फुगलेली, काळपट, लव चिकटलेली. अख्खी. डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले.

"सोडा आता, बाई," ते म्हणाले. "झालं."

मी ऐकलं. सोडायचं आहे हे मला कळत होतं. पण हात सुटेनात. नर्सनं खांदे सोडले, चादर सोडली, हे दारातून आत आले, यांनी माझ्या खांद्याला हलवलं, तरी माझे तळवे तिच्या कानांवर तसेच आवळलेले. सोडलं तर ती पुन्हा श्वास घ्यायची थांबेल, असं काही तरी माझ्या मनानं धरलं होतं.

तेव्हा तीच बोलली. घोगऱ्या आवाजात, हुंदके देत, पण सगळ्यांना ऐकू येईल असं.

"माय वं, डोस्कं सोड. दुखते."

मग माझी बोटं सुटली.